छाटणीचा मुहूर्त

माझं लग्न झाडं छाटण्यासाठी झालं.

लोकांची लग्नं वंश चालावा म्हणून होतात, आईच्या हाताखाली कुणी यावं म्हणून होतात, काहींची तर मुलगी आवडली म्हणूनही होतात. (असं ऐकून आहे.) माझं मात्र हळदीच्या रानात ऊन पडावं म्हणून झालं. हा विषय निघाला की नातवंडं हसतात आणि बायको उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणून म्हटलं, एकदा काय ते नीट सांगून टाकावं.

मला लहानपणापासून एक खोड आहे. काहीही दिसलं की "हे असं का?" असं विचारायचं. शाळेत मास्तरांनी या खोडीवर छडीचा इलाज केला, घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वहाणेचा. शेवटी पलटणीत भरती झालो. तिथं "का?" विचारलं की पाठीवर ओझं देऊन मैदानाला चकरा मारायला लावायचे. पण खोड ती खोड! लढाईत इटलीला गेलो, तिथंही ती माझ्याबरोबर बोटीतून आली.

इटलीत आमचा तंबू एका खेड्याबाहेर होता. शेजारच्या शेतात झाडांच्या ओळी होत्या. झाडांवर द्राक्षांचे वेल चढवलेले, या झाडावरून त्या झाडावर नेलेले, आणि खाली मधल्या पट्ट्यात चक्क गहू! आमच्या कोरेगावाकडं रानात मधोमध झाड म्हणजे पाखरांचं घर आणि पिकाचा वैरी. हे लोक वेडे आहेत की आपण? मला राहवेना. शेताच्या म्हाताऱ्या मालकाला खुणांनीच विचारलं. झाडाकडं बोट केलं, गव्हाकडं केलं, सूर्याकडं केलं आणि 'हे कसं काय?' म्हणून मान उडवली. त्याला वाटलं मला तहान लागलीय. त्यानं घरातून द्राक्षाच्या दारूचा पेला भरून आणला. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा भरला. त्या दिवशी शेतीतलं काही कळलं नाही, पण चौकशी फार आनंदाची झाली.

पुढं एकदा मात्र तो म्हातारा त्या झाडांच्या फांद्या छाटताना दिसला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. झाड वाढवायचं, पण मापात ठेवायचं! पिकाला कोवळं ऊन पाहिजे तर चार फांद्या उतरवायच्या, कडक ऊन लागत असेल तर ठेवायच्या. सावली आपल्या मुठीत! लढाई संपली, पलटणीतून नाव कमी झालं, आणि बाकीचे जवान घड्याळं आणि ब्लँकेटं घेऊन परतले तेव्हा मी ही एक कल्पना घेऊन कोरेगाव स्टेशनात उतरलो.

"आबा, आपल्या हळदीच्या रानात झाडं लावूया."

आबा तंबाखू मळत होते. "कुठं?"

"रानात. हळदीच्या मधी."

"सदा, लांबचा परवास करून आलाईस. जरा आडवा हो."

"आबा, तिकडं इटलीत..."

"झाड बांधावर, पीक वाफ्यात! मधी आला तर तुलासुदिक उपटून टाकीन!"

आता ही हळद कुठली, ते सांगायला हवं. आईचं माहेर आष्ट्याचं. लग्न होऊन येताना तिनं ओटीत माहेरच्या हळदीचे गड्डे आणले होते. दर वर्षी हळद काढली की आई स्वतः बसून त्यातले ठसठशीत गड्डे बेण्याला निवडायची आणि पाल्याखाली झाकून ठेवायची. त्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही, आबांनीसुद्धा नाही. पुढं आष्ट्याच्या मामांनी हळद मोडून पानमळा केला, आणि ते बेणं माहेरीही उरलं नाही. जे काय होतं ते आमच्या विहिरीखालच्या रानात. आई कधी बोलून दाखवायची नाही, पण हळदीच्या वाफ्यात उभी राहिली की तिचा चेहरा माहेरी आल्यासारखा व्हायचा.

आबांचं मन वळवलं ते मामांच्या पानमळ्यानं. आम्ही आष्ट्याला गेलो तेव्हा मामांनी मळा दाखवला. (चपला बाहेर काढून आत जायचं, पानमळ्याची तशी रीत.) आत शेवरी, हादगा, शेवगा यांच्या ओळी आणि प्रत्येक झाडाला पानाचा वेल! मी तर उडालोच. "आबा! हीच इटली!"

"काय म्हनतोय ह्यो?" मामांनी विचारलं.

"लढाईत डोक्याला मार लागला असंल," आबा म्हणाले.

पण मामांनी माझीच बाजू घेतली. "दाजी, पोरगं चुकीचं बोलत न्हाई. चैत-वैशाखात झाड नसलं तर माजी पानं करपून जात्याली. निस्तं येळच्या येळी छाटायला पायजे. हळदीलाबी इरळ सावली सोसतीया." मेव्हण्यापुढं वाद घालणं आबांना पटेना. एका पट्ट्यात झाडं लावायची परवानगी मिळाली.

कुठली झाडं लावायची? शहाण्या माणसानं मामांचीच शेवरी लावली असती. मला माझं स्वतःचं, नवीन काहीतरी हवं होतं. वाईला कामाला गेलो होतो. घाटाजवळच्या एका बागेत रोपं दिसली. सरळ सोट, एकेक पान ताटाएवढं.

"हे झाड कसलं?" मी माळ्याला विचारलं.

"नाव मालकांस्नी ठावं. मालक पुण्याला."

"वाढतंय का?"

"वाढतंय? लावायचं नि मागं सरायचं, न्हाईतर अंगावर येतंय!"

बस्स! जन्मभर नको तिथं शंभर प्रश्न विचारणारा मी, त्या दिवशी दोन प्रश्नांवर समाधान पावलो आणि बैलगाडी भरून रोपं घेऊन आलो.

पहिली दोन वर्षं माझा थाट काय वर्णावा! झाडं खरोखरच सुसाट वाढली. सावली जाळीदार पडायची, उन्हाळ्याच्या शेवटी उगवलेले हळदीचे कोंब करपले नाहीत, आणि झाडांखालचे गड्डे बाहेरच्यापेक्षा चांगले भरले. मी रोज दुपारी झाडाखाली उताणा पडून सदऱ्यावर उन्हाचे किती ठिपके पडतात ते बघायचो. (येणारे-जाणारे आबांना विचारायचे, "पोरगं बरं हाय न्हवं?") दुसऱ्या वर्षीची हळद निघाली तेव्हा मात्र आबा चावडीवर सांगू लागले, "आमचा सदा इटलीला जाऊन शेतकी शिकून आलाय." जणू सरकारनं लढाई त्यासाठीच काढली होती!

तिसऱ्या वर्षी आईनं आपलं सगळंच्या सगळं बेणं झाडांखाली लावलं. "सदा, तुज्या झाडांत माजी हळद लय सुखी हाय," म्हणाली. मी छाती काढून उभा होतो.

आणि त्याच पावसाळ्यात झाडं एकमेकांना भिडली. श्रावणात मी उताणा पडलो तर सदऱ्यावर उन्हाचा एक ठिपका नाही! भर दुपारी रानात दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. हळदीची पानं नुसतीच उंच, अरुंद आणि फिकट झाली. आईनं बोटानं माती उकरून बघितलं आणि म्हणाली, "सदा, हळद पाय पसरंना."

"आई, तू काळजीच करू नको. त्यासाठीच तर छाटणी असती. उद्या फांद्या उतरवतो, आठ दिवसांत बघ!"

दुसऱ्या दिवशी मी कुऱ्हाड परजून मळ्यात गेलो. पाला फुकट मिळणार म्हटल्यावर निम्मी भावकी दोऱ्या घेऊन हजर. त्यात आमची बयाकाकी होती. बयाकाकी म्हणजे आबांची थोरली भावजय, साऱ्या भावकीत वडीलधारी. गुडघे धरल्यामुळं ती दोन-तीन वर्षं मळ्याकडं फिरकली नव्हती; आज म्हशीला पाला न्यायला काठी टेकत आली होती. मी धोतराची लांग घातली, हातावर थुंकलो, कुऱ्हाड उचलली.

"सदाऽऽ! खाली टाक! खाली टाक ती कुऱ्हाड! मुडदा बशिवला तुजा!"

मी दचकून कुऱ्हाड टाकली ती माझ्याच अंगठ्यापासून बोटभर अंतरावर पडली. काकी वर बघत होती. शेंड्याला एक पिवळं, गोल, लाडवाएवढं फूल लागलं होतं.

"कळंब हाय त्यो! आपलं देवक हाय! देवकावर कुऱ्हाड चालवतोस?"

सगळी भावकी वर बघू लागली. मग एकेकाचे हात आपोआप जोडले गेले. आबांनी पायातल्या वहाणा काढल्या.

देवक म्हणजे कुळाचं झाड. ज्याच्या त्याच्या कुळाचं वेगळं, आमचं कळंब. त्याला लोखंड लावायचं नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही. फक्त घरात लग्न असलं की वाजतगाजत जाऊन, पूजा करून त्याची डहाळी आणायची आणि मांडवात बसवायची. गावात कळंबाचं झाड एकच होतं, लांब ओढ्यापलीकडं डोंगराच्या कुशीत. तिथून डहाळी यायची तीच हळदी-कुंकवानं माखलेली, सुतानं गुंडाळलेली. तिचं पान कोण न्याहाळतो? त्यात जुन्या झाडाचं पान तळहाताएवढं आणि माझ्या रोपांचं ताटाएवढं. थोडक्यात, मी इटलीहून अक्कल, आष्ट्याहून परवानगी आणि वाईहून रोपं आणून स्वतःच्याच देवकाचं जंगल स्वतःच्याच हळदीवर उभं केलं होतं!

भावकीची बैठक तिथंच मळ्यात बसली.

"वैनी, तोडायचं न्हाई म्हंजे अजिबात न्हाई?" आबांनी काकीला विचारलं.

"लगीन असलं तर न्यायची की. एका लग्नाला एक डहाळी."

आबांनी झाडांच्या ओळींवरून नजर फिरवली. "म्हंजे ह्या रानात ऊन पडायला गावात किती लग्नं व्हायला पायजेत?"

"भावजी, तुमचा-आमचा जलम पुरायचा न्हाई."

एक चुलतभाऊ म्हणाला, "सदा, आमच्या पोराटोरांस्नी हळद लागंल गड्या, पर तुज्या हळदीला ऊन लागायचं न्हाई!" सगळे खदखदून हसले. आई हसली नाही. ती वाफ्याच्या कडेला बसून एक फिकट पान हातात धरून होती. "माजं बेणं," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला उपाय सुचला तो मामांचा. मामांचं देवक पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं. त्यांना कळंबाचं सोयर ना सुतक. निरोप धाडला. मामा कुऱ्हाड, कोयता आणि दोन गडी घेऊन सर्विस मोटारीनं आले. मळ्यात बयाकाकी काठी आडवी धरून उभी!

"या पाव्हणं. तुमच्या भणीचं कुक्कू ह्याच देवकाम्होरं लागलंय. घाला घाव!"

मामांनी कुऱ्हाड गड्याच्या हातात दिली आणि झाडाला नमस्कार केला. मग घरी येऊन पोटभर जेवले, आईला म्हणाले, "माजा इलाज न्हाई बाई," आणि संध्याकाळच्या मोटारीनं कुऱ्हाडीसकट परत गेले.

दुसरा उपाय माझा स्वतःचा. एके सकाळी वाटेवर धनगराच्या शेळ्या बघितल्या आणि विचार आला, शेळीला कुठं देवक असतं? शेळीनं आपणहून पाला खाल्ला तर दोष कुणाला? काकीपुढं प्रश्न मांडला. काकीनं बराच विचार केला.

"शेळी मुकं जनावर. तिला दोष न्हाई."

"पण फांदी उंच आहे काकी. दोरीनं वाकवली तर?"

"वाकवणं म्हंजे तोडणं न्हवं."

"आणि वाकवताना मोडली तर?"

"तर वाकवणाराची नियत बघायची." (वरच्या कोर्टात असा निकाल मिळाला नसता!)

शेळ्या आणल्या. मी फांदीला दोर टाकला, दोन्ही हातांनी धरला आणि झोकून दिलं. माझ्या वजनानं फांदी वाकेल असा हिशोब होता. फांदी थोडी वाकली, मग तिला माझा कंटाळा आला असावा, कारण ती सरळ झाली आणि मी वर गेलो. खाली भावकी उभी. "सदा, आता उतरणार कसा?" हा प्रश्न पहिल्यांदाच मला दुसऱ्या कुणीतरी विचारला. हात सुटले. मी हळदीच्या सरीत पडलो, शेळ्या बुजल्या, त्यातल्या निम्म्या शेजाऱ्याच्या घेवड्यात शिरल्या आणि निम्म्या आईच्या वाफ्यांतून उड्या मारत सुटल्या. आई काठी घेऊन धावली. तिनं त्याच काठीनं आधी शेळ्या बाहेर काढल्या आणि मग मला.

आता लग्नाशिवाय वाट नव्हती. निदान एक-दोन डहाळ्या तरी! मी वाईच्या भटजींकडं मुहूर्त काढायला गेलो. भटजींनी पंचांग उघडलं, माझ्याकडं बघितलं, पंचांग मिटलं.

"अहो, भाद्रपद चाललाय. पुढे पितृपंधरवडा. लग्न कुणाचं लावताय, पितरांचं?"

"लवकरात लवकर कधी जमेल?"

"तुळशीचं लग्न होऊ द्या आधी. मग पहिला मुहूर्त देतो. पण नवरामुलगा कोण?"

याचा मी विचारच केला नव्हता! भावकीत त्या साली लग्नाचं कुणी नव्हतं. म्हणजे एक होता. इटलीहून आल्यापासून चार स्थळं नाकारून बसला होता.

"तुमचं वय काय हो?" भटजींनी विचारलं.

मुहूर्त आणायला गेलेला मी नवरदेव होऊन परत आलो. घरी सांगितलं तर आबांच्या हातातली तंबाखू सांडली. "सदा, माज्या हळदीसाटनं?" एवढं बोलून आईनं पदर डोळ्याला लावला. मला आईची फार माया आली. स्वतःची त्याहून जरा जास्त आली.

मामांनी सांगलीकडचं एक स्थळ आणलं. मुलीचे वडील घर-रान बघायला आले. मोठ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. गूळपाणी झालं. देवकं विचारली, त्यांचं पंचपल्लव, आमचं कळंब, दोन्ही वेगळी, तेव्हा सोयरीक जमत होती. मग त्यांनी आबांना विचारलं, "पाव्हणं, ऐकलं ते खरं का? पोरगं लगीन नगं म्हनत हुतं. आता एकाएकी कशापायी तयार झालं?"

आबा घसा खाकरत होते तोवर काकीनं सांगून टाकलं, "झाडं छाटायच्यात."

मामा आढ्याकडं बघू लागले. पाहुणे उठले, मळ्यात गेले, झाडांकडं बघितलं, हळदीत बसून माती चिमटीत धरली, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, मोडलं! परत आले आणि म्हणाले, "आमच्याकडं दोन स्थळं हैत. एक दारू पितंय, एक पत्ते खेळतंय. ह्ये झाडापायी लगीन करतंय. ह्याच्यापरास बिनधोक येडं मला गावायचं न्हाई. द्या पान-सुपारी!"

लग्न ठरलं, पण डहाळी एकच! एका डहाळीनं काय होणार? मी दिवसभर मळ्यात बसून विचार करायचो. मांडवासाठी वासे आणायचं बोलणं चाललं होतं, तेव्हा माझी खोड पुन्हा उफाळून आली.

"काकी, मांडवावर डहाळ्या घालतात त्या कशाच्या?"

"आंबा, जांभळ. गावंल त्येच्या."

"कळंबाच्या का घालत नाहीत?"

"लांब ओढ्यापल्याड कोन जानार रं रोज?"

"आता लांब नाही. घातल्या तर चालतील?"

आबांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"चालत्याल की," काकी म्हणाली. "पूजा करून, वाजवत आणल्या तर देवकाचा मानच वाढंल."

"किती आणायच्या?"

"मांडव असंल तेवढ्या."

"आणि मांडव केवढा असावा?"

काकीच्या तोंडाकडं सगळे बघत राहिले. म्हातारीच्या सुरकुत्यांमधून हळूहळू हसू फुटलं. "त्येला काय माप हाय व्हय?"

मग काय विचारता! दारापुढं मांडव पडला. तो गोठ्यावरून नेला, काकीच्या म्हशीवरून नेला, चुलत्यांच्या अंगणातून मारुतीच्या देवळापर्यंत नेला आणि तरी डहाळ्या उरल्या म्हणून वेशीला टेकवला. काकीनं प्रत्येक झाडाला कुंकू लावलं, प्रत्येकाची क्षमा मागितली. प्रत्येक गाडी वाजवत आणायची असल्यामुळं वाजंत्री मळा ते गाव, गाव ते मळा अशा खेपा घालत होते. दुपारनंतर सनईतून नुसता वारा येऊ लागला. तालुक्यात बोलवा उठली की सदानं इटलीहून सोनं आणलंय, राजेरजवाड्यांत सोयरीक केलीय. वऱ्हाड वेशीपाशी गाड्यांतून उतरलं आणि मांडवात शिरलं. मुलीचा एक चुलता वाट चुकून भलत्याच्याच गोठ्यात जाऊन बसला आणि त्याला शोधण्यात मुहूर्त टळता टळता राहिला.

माझं लक्ष अक्षतांकडं नव्हतं. अंतरपाट दूर झाला, समोर बायको उभी, आणि मी आबांना हळूच विचारलं, "पूर्वेच्या ओळीतली शेवटची फांदी उतरली का?" बायकोनं ते ऐकलं. तिचं नाव हौसा.

माघात हळद काढायला लागलो. पहिल्या सरीत कुदळ घातली तर करंगळीएवढी हळकुंडं निघाली. आई पुढच्या सरीत सरकली. तिथंही तेच. मला तोंड लपवायला जागा मिळेना. मधल्या पट्ट्यात मात्र गड्डे थोडे जड लागू लागले. लग्नानंतर जे काय ऊन मिळालं ते त्यांनी साठवलं होतं. विकायला फारशी नव्हतीच. आबांनी ढिगाकडं बघून तोंड वाकडं केलं. पण आईनं बसून एकेक गड्डा निवडला, पुसला, बाजूला ठेवला, आणि शेवटी ढिगावर हात ठेवून म्हणाली, "बेण्यापुरती हाय रं!" आणि तिथंच मातीत बसून रडली. मीही रडलो. त्यातले ओटीभर गड्डे तिनं आष्ट्याला मामांकडं धाडले, पानमळ्याच्या कडेला लावायला.

काकीनं त्याच दिवशी सगळी कथा हौसाला रंगवून सांगितली. रात्री वाढताना हौसानं ताट जरा जोरात आपटलं.

"म्हंजे मला ह्या घरात ऊन पडावं म्हनून आनलं व्हय?"

"तसं नव्हं गं..."

"मग कसं?"

तोफांपुढं न डगमगलेला मी भाकरीकडं बघत बसलो. आमच्या घरात "हे असं का?" विचारणारं आता आणखी एक माणूस झालं होतं, आणि तिला उत्तर मिळेपर्यंत मला दही मिळत नसे.

पुढच्या आषाढात बघतो तर काय, जिथं जिथं एक फांदी उतरवली होती तिथं चार-चार फुटलेल्या! रानात पहिल्यापेक्षा दाट अंधार. भावकी पुन्हा मळ्यात जमली. काकीनं वर बघितलं आणि म्हणाली, "आता फुडचं लगीन कुनाचं?" सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हौसानं शेजारी पडलेलं खुरपं उचललं. सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं.

तेव्हापासून मी भावकीतली लग्नं जुळवायला लागलो. मिसरूड फुटलेला पोरगा दिसला की त्याच्या बापाला गाठायचो. वाईपासून आष्ट्यापर्यंत स्थळं शोधत पायपीट करायचो. मांडवाच्या डहाळ्या आमच्या मळ्यातून. आईचं बेणं आजही आमच्या रानात आहे. गावात माझ्या पाया पडतात. "सदातात्या, तुमच्यामुळं पोराचा संसार उभा राहिला, लय पुण्याचं काम करता!" म्हणतात. मी तोंड भरून आशीर्वाद देतो. पण इतकी लग्नं जमवली, त्यात मुलगा कसा आहे, मुलगी कशी आहे, हे मी आजतागायत एकदाही विचारलेलं नाही. मी एवढंच विचारतो, "मांडव केवढा घालणार?"